पारडीचा निकाल आणि माझा व्हिसा

"मागे काय आहे तुमचं?" काचेपलीकडच्या साहेबाने विचारलं. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने ते मला मराठीत सांगितलं.

"काहीच नाही," मी म्हटलं. "नवरा वारला. शेत पुतण्याला दिलं, म्हैस जावेला दिली, भांडी वाटून टाकली. मोकळी होऊन आलेय."

मुलीने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग साहेबाला सांगितलं. साहेबाची टाईप करणारी बोटं थांबली.

"मग परत कशासाठी येणार?"

"ते पुढचं पुढे. पण मागे ओढणारं काहीही ठेवलेलं नाही. साहेबांना म्हणावं, काळजी नसावी."

हे शेवटचं मी माझ्या मनाने जोडलं. परक्या माणसाला धीर द्यावा म्हणून. साहेबाने एक छापील कागद पासपोर्टात घातला आणि पासपोर्ट खालच्या फटीतून माझ्याकडे सरकवला. मुलगी म्हणाली, "आजी, या वेळी व्हिसा मिळणार नाही."

"फोटो वाईट आला का?" मी विचारलं.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मला खरंच तसं वाटलं होतं. बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यातल्या ज्या दुकानदाराने माझा फॉर्म भरला, तो म्हणाला होता की व्हिसा अडतो तो फोटोवर. तेवढ्यासाठी त्याने मला भिंतीला चिकटवून, हनुवटी धरून, परत परत फोटो काढला होता. खिडकीवर काय बोलायचं ते विचारलं तर म्हणाला, "खरं बोला, बस." मी खरंच बोलले होते.

बाहेर फुटपाथवर माझी धाकटी जाऊ पिशव्यांवर बसली होती. ती मुंबईपर्यंत सोबत आली होती, पण तिला आत सोडलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

तिने पिशव्या जवळ ओढल्या. मग म्हणाली, "मग बाई, म्हैस?"

मला हसू फुटलं. माझ्या लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं म्हणून मी सगळं घर रिकामं करून बसले होते, आणि हिला म्हशीची पडली होती. मला हसताना बघून तीही हसायला लागली. पोलीस येऊन म्हणाला, मावशी, इथे बसू नका. आम्हाला उठता येईना, तर त्यानेच हात देऊन उठवलं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांना वाईट वाटेल, आणि मला तिकडे पुन्हा जायचं असेल.

आता मी सगळं वाटलं का, ते सांगते. आमच्या तापीकाठच्या गावात म्हातारं माणूस काशीला किंवा अशाच लांबच्या यात्रेला निघालं की मागचं आवरून निघतं. ज्याला जे द्यायचं ते चार माणसांसमोर देऊन टाकायचं. घरोघर जाऊन चुकलंमाकलं म्हणायचं. जीव मागे अडकला तर यात्रा लागत नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि ती स्वतः तशीच गेली होती. मुलीचा देश काशीपेक्षा कितीतरी लांब. मी म्हटलं, मग तयारीही तेवढी हवी. केळीचा मळा पुतण्याला दिला. तो धाकटीचाच मुलगा. म्हैस गाभण होती, तिला कोणीतरी समजूतदार हवं म्हणून धाकटीला दिली. पाटा-वरवंटा, हंडा, परात, खाट, लोणच्याची बरणी, सगळं गेलं. मी इतकी हलकी झाले होते की रस्त्याने चालताना मला मजा वाटत होती. खिडकीवर ते सगळं मी कौतुकाने सांगितलं.

घरी येऊन मुलीला फोन लावला. ती रडली नाही. गप्प झाली. ती गप्प झाली की मला भीती वाटते. तिचं आधीचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तेव्हा ती तिथे दवाखान्यात होती आणि मी इथे मळ्यात. तिला सासू नाही. जावई चांगला आहे, पण त्याला रक्त दिसलं की तो खाली बसतो.

"आई, या वेळेला मला एकटीला जमणार नाही," ती म्हणाली.

"मी येते," मी म्हटलं.

"कशी येशील?"

ते मला माहीत नव्हतं. तिने तिकडून शोध काढून इंदूरच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. त्या हेच काम करतात. कोणाला कोणता व्हिसा लागतो ते बघायचं, आणि तोच मागायचा. मला वाटत होतं, वकील म्हणजे कोर्ट. धाकटी म्हणाली, "आपण काय खून केला का?" पण इंदूर म्हटल्यावर ती लगेच निघाली. वकीलबाईंसाठी बुऱ्हाणपूरचा दराबाही घेतला. रवा, तूप, साखर घोटून केलेली ही आमची मिठाई दिली की कामं होतात, असा तिचा समज आहे.

साड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर वकीलबाईंचं ऑफिस होतं. बाई चाळिशीच्या, इंदुरी मराठी बोलणाऱ्या. आम्हाला दम लागलेला बघून त्यांनी आधी चहा मागवला. नकाराचा कागद वाचला. मग मला म्हणाल्या, "खिडकीवर काय काय बोललात, शब्द न् शब्द सांगा."

मी सांगितलं. "काळजी नसावी" आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आजी, असं म्हटल्यावर त्यांना किती काळजी वाटली असेल. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ते एकच बघतात, हा परत जाणार की नाही. तुम्ही तर घरात कुलूप घालण्यासारखंही काही ठेवलं नाहीत."

"पण मी राहायला थोडीच चाललेय?"

"तेच तर विचारायचंय. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

त्यांनी चहाचे कप टेबलावर ओळीने मांडले. पहिला कप पुढे करून म्हणाल्या, "हा पाहुण्यांचा व्हिसा. जायचं, काही महिने राहायचं, परत यायचं." दुसरा कप पुढे केला. "हा आई-वडिलांचा, लांब मुदतीचा. वरचेवर जाऊन-येऊन राहणाऱ्यांसाठी. त्याला वेळ लागतो, बाळ तोवर चालायला लागेल." तिसरा कप. "आणि हा कायमचा. मग तुम्ही तिथल्याच. मुलीने फोनवर मला हाच करा म्हणून सांगितलंय."

धाकटीने तिसरा कप उचलला आणि पिऊन टाकला.

"काकू, तो कायमचा होता," वकीलबाई म्हणाल्या.

"त्यात चहा जास्त होता," धाकटी म्हणाली.

मुलीला फोन लावला आणि टेबलावर ठेवला. ती लगेच सुरू झाली. "मॅडम, कायमचाच करा. तिथे तिचं कोण आहे? म्हातारपणी एकटी राहणार, गुडघे दुखतात, ऐकत कोणाचं नाही."

"मी बसलेय इथे," मी म्हटलं.

"मग सांग ना, आई. का नको?"

मी काही बोलायच्या आत वकीलबाईंनी मुलीला सांगितलं की थोड्या वेळाने परत लावते, आणि फोन बंद केला. मला म्हणाल्या, "आता सांगा. मुलगी ऐकत नाहीये."

मला कोणी असं विचारलं नव्हतं. लग्नाच्या वेळी नाही, नंतरही नाही. म्हणून मी पटकन सांगितलं, परत विचारायच्या आत. "मला बाळंतपण करायचंय. लेक उठून हिंडायला लागली, बाळ मान धरायला लागलं, की मला घरी यायचंय. तिथे मी दिवसभर खिडकीतून काय बघू?"

"मग पहिला कप," वकीलबाई म्हणाल्या. "आणि कायमच्याचं नावही आत्ता काढायचं नाही. एकीकडे पाहुणी म्हणायचं आणि दुसरीकडे कायमचा अर्ज लावायचा, की दोन्हीकडून अडकाल."

मी विचारलं, "बाळाला तेल लावणं, डिंकाचे लाडू करणं, हे काम धरतात का? पाहुण्याने काम करायचं नसतं, असं दुकानदार म्हणाला होता."

"मुलगी पगार देणार आहे का?"

"ती कसली देते."

"मग आजीच आहात. विचारलं तर लेकीच्या बाळंतपणाला चालले म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. आता परत येण्याचं बघू. शेत पुतण्याच्या नावावर कधी केलंत?"

"नावावर काय करायचंय? चार माणसांसमोर दिलं."

"कागद?"

"कागद कशाला? मी दिलं म्हटल्यावर दिलं."

वकीलबाई खुर्चीत सरळ झाल्या. "आजी, मग सरकारी कागदावर शेत अजून तुमचंच आहे. घरही तुमचंच. अर्धं काम झालं. मी ते कागद लावते."

"नाही," मी म्हटलं. "शेत माझं नाही. मी देऊन टाकलंय. साहेबाने विचारलं तर मी माझं आहे म्हणणार नाही."

त्यांनी मला बऱ्याच तऱ्हेने समजावलं. मी म्हटलं, गावात तोंड दाखवायचंय. शेवटी त्यांनी हात टेकले, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "खोटं मीही बोलू देणार नाही. तुम्ही घरी जा. शेत कोणाचं ते तुमच्यात ठरवा. जे ठरेल ते खरंखुरं ठरू द्या, नुसतं दाखवायला नको. मग मला फोन करा. आणि लवकर करा, मुलीचे दिवस भरत चाललेत."

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. माझ्या डोळ्यांसमोर मुलगीच येत होती. दिलेलं परत मागायचं म्हणजे माझ्या हयातीत कोणी केलं नाही असं काम. न मागावं तर लेक पुन्हा एकटी. धाकटी खिडकीला डोकं टेकून होती. मला वाटलं झोपली. आसीरगडाचा किल्ला दिसायला लागला तेव्हा ती एकदम उठून बसली.

"बाई, आपल्या सासऱ्यांची आत्या काशीला निघाली होती ना? खांडव्याहून तापाने परत आली ती?"

"मग?"

"तिचा हंडा तिला परत दिला होता. माझ्या देखत नाही, पण सासूबाई सांगायच्या. यात्रा झालीच नाही, तर देणं कुठलं झालं? तू तर मुंबईहून परत आलीस. तू गेलीच नाहीस."

मळा तिच्याच मुलाला मिळाला होता, आणि तो सुटायची वाट तीच दाखवत होती. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "मळ्याने काय होतंय? पोरगं तुझ्या हाताखालीच बरं आहे. माझं ऐकत नाही."

संध्याकाळी आमच्या ओट्यावर तीच चार माणसं बसली, ज्यांच्यासमोर मी दिलं होतं. धाकटीने खांडव्याची गोष्ट सांगितली. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याला ती गोष्ट आठवत होती, हंडाही आठवत होता. पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "घ्या परत. मोठीमाय, शेत माझं झाल्यापासून जो तो मला शिकवायला येतोय. आधी एकटी तू शिव्या द्यायचीस. ते परवडत होतं."

"मनापासून सांगतोस?" मी विचारलं. "वकीलबाईंनी दाखवायला करू नका म्हटलंय."

"तुला काय मी दाखवून बोलणारा वाटतो?"

तो तसा नाही. जे असेल ते तोंडावर फेकतो, माझ्यासारखंच. म्हणून मी शेत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या दारात वरात लागली. खाट आली, दोन पोरी तिच्यावर बसून आल्या. हंडा आला, घासलेला. मी कधी इतका घासला नव्हता. पाटा आणणारी म्हणाली, "बरं झालं व्हिसा नाही मिळाला, याच्याने माझ्या पायाचं बोट फुटलं." लोणच्याची बरणी अर्धी आली. मी बरणीत बघितलं आणि बरणी आणणारीकडे बघितलं, तर ती म्हणाली, "यात्रा झाली नाही हे आम्हाला आधी कुठे माहीत होतं?" एकीने मला पितळेची मोठी परात आणून दिली. ती माझी नव्हती. माझी पातळ होती, हिला जाड बूड होतं. मी ठेवून घेतली. सगळी गल्ली हसत होती आणि मी एकेक वस्तू जागेवर लावत होते. नवी नवरी घरात आली की जशी गडबड असते तशी गडबड होती, फक्त नवरी मीच आणि तीही सत्तरी ओलांडलेली.

शेवटी म्हैस आली. तिच्या मागे पारडी.

म्हैस मधल्या काळात धाकटीकडे व्याली होती. पुतण्याने म्हैस माझ्या खुंट्याला बांधली. पारडी तिच्या मागे माझ्या अंगणात शिरायला लागली, तर धाकटीने तिचं दावं धरलं.

"म्हैस तुझी. पारडी माझी."

"म्हशीची पारडी म्हशीबरोबर येते," मी म्हटलं.

"व्याली माझ्या दारात. सरकीची ढेप मी घातली. तू कुठे होतीस? मुंबईला फोटो दाखवत होतीस."

"तू माझ्याबरोबर होतीस."

"मी सोबत होते. ते वेगळं."

आदल्या संध्याकाळी मळ्याचा निकाल सहज लागला होता. पारडीचा लागेना. चार माणसं पुन्हा बसली. म्हातारा म्हणाला, खांडव्याहून परत आलेल्या आत्याची म्हैस नव्हती, त्यामुळे याचा नियम त्याला माहीत नाही. पारडी अजून दूध पितेय, तोडता येत नाही. मी बाळंतपण करून परत यावं, तोवर ती दूध सोडेल, मग बसून ठरवू. मी नसताना ठरवायचं नाही. तोवर पारडी धाकटीच्या दारात बांधायची आणि प्यायला माझ्या अंगणात आणायची. मी गेले की म्हैसही धाकटीने बघायची, पण नुसती बघायची, आपली म्हणायची नाही.

वकीलबाईंना व्हिडिओवर फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला होता.

"हे खरं आहे ना, आजी?"

धाकटीने फोन माझ्या हातातून घेतला. "खरं म्हणजे? आम्ही पारडीवरून एकमेकींशी बोलत नाही."

"पण आत्ता तर दोघी एकत्र आहात."

"पारडीबद्दल बोलत नाही. बाकी बोलतो."

"छान," वकीलबाई म्हणाल्या. "मळ्याचे आणि घराचे कागद मी लावते. मुलीचं पत्र, दवाखान्याचा कागद लावते. मागच्या वेळी व्हिसा का नाकारला तेही स्पष्ट लिहिते. खिडकीवर पाठ केलेलं काही बोलू नका. विचारतील तेवढंच सांगा, खरं सांगा. आणि आजी, काळजी नसावी असं म्हणू नका."

पुन्हा मुंबई. पुन्हा धाकटी फुटपाथवर, यावेळी पोलिसाला केळ्याचे वेफर्स देऊन. काचेमागे दुसऱ्या मॅडम होत्या, पण मराठी सांगणारी मुलगी तीच. तिने मला ओळखलं आणि ओठ दाबले.

मॅडमनी विचारलं, मागच्या वेळी सगळं देऊन टाकलं म्हणालात, आता शेत तुमचं कसं? मी यात्रेचं सांगितलं, खांडव्याचं सांगितलं, परत आलेली खाट सांगितली. मुलगी सांगत होती आणि मॅडम टाईप करत होत्या. मग तोच प्रश्न आला. परत कशासाठी येणार?

"मळा आहे. घर आहे. आणि पारडीचा निकाल लागायचाय."

मुलीला पारडी सांगायला जरा वेळ लागला. मॅडमनी विचारलं, त्या जनावराची किंमत फार आहे का?

"किमतीचं नाही, मॅडम. मी आले नाही तर ती जावेला मिळेल."

मॅडम हसल्या नाहीत. मुलगी मात्र खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. मॅडमनी अजून काही विचारलं, लेकीचं, जावयाचं, किती महिने राहणार त्याचं. मग माझा पासपोर्ट त्यांच्या बाजूच्या ट्रेमध्ये टाकला आणि मला जायला सांगितलं.

मी बाहेर आले ती हात हलवत.

"पासपोर्ट कुठे?" धाकटीने विचारलं.

"ठेवून घेतला."

"जप्त?"

मग मात्र आमचं धाबं दणाणलं. धाकटीला वाटलं परात माझी नव्हती ते त्यांना कळलं. आम्ही घाबरत वकीलबाईंना फोन लावला. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पोलिसालाही ऐकू गेलं. "ठेवून घेतला म्हणजे मिळाला, आजी. शिक्का मारून घरी पाठवतील." धाकटीने मला मिठी मारली आणि लगेच सोडून म्हणाली, "पण पारडी माझीच."

मी पोचले तेव्हा लेकीला नववा लागला होता. मला विमानतळावर बघून ती हसली, आणि हसता हसता खाली बसायला लागली. आम्ही तिला धरलं. पुढचे दिवस मी तिला एकटं सोडलं नाही. कळा लागल्या, दवाखान्यात गेलो, मूल झालं. मग रक्त थांबेना. डॉक्टरणी धावत आल्या, मला आणि जावयाला बाहेर काढलं. जावई भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याला उठवलं आणि चहा आणायला पाठवलं, कारण दोघांनी बसून चाललं नसतं. त्याने चहा आणला. तो गार झाला तरी दार उघडलं नव्हतं. मग उघडलं.

मुदत संपायच्या आत मी परत आले. पारडीने दूध सोडलंय, निकाल अजून लागायचाय.

लेक जगली. नातही जगली.